नवे इंटरनेट आणि जुन्या पत्त्यांवर अडकलेला संगणक

यंदा दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मुलुंडच्या घरी फायबरचे इंटरनेट आले. त्यानंतरचे पाच दिवस माझा संगणक जवळजवळ निरुपयोगी होऊन बसला होता. मी घरून दिवाळी अंकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते, त्यामुळे गणपती ते घटस्थापना हा काळ माझ्यासाठी वर्षातला सर्वांत धावपळीचा असतो. अशा वेळी इंटरनेट बदलण्याचा निर्णय का घेतला, हा प्रश्न घरात सर्वांनी विचारून झाला आहे. उत्तर एवढेच की यंदाच्या पावसाने दुसरा मार्ग ठेवला नव्हता.

आमची जुनी जोडणी गल्लीतील केबलवाल्याची होती. तांब्याची तार समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर, तिथून जिन्यातील लोखंडी पेटीत आणि पेटीतून घरात, असा तिचा प्रवास होता. पेटीत पाणी शिरले की इंटरनेट बंद, आणि विजा कडाडल्या की पेटीतील स्विच जळालेला, हे आम्ही जून ते सप्टेंबर गृहीतच धरले होते. एकदा तर त्या तारेतून आलेल्या झटक्याने लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माझा राउटरही गेला. फायबरच्या काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो, वीज धावत नाही, हे एकच कारण मला निर्णयासाठी पुरेसे होते.

जोडणी करायला आलेल्या मुलाचे काम वाखाणण्याजोगे होते. त्याने केसाएवढा तंतू सोलून, पुसून, यंत्रात धरून सांधला, तार कोठेही काटकोनात वाकणार नाही याची काळजी घेतली आणि डब्यावरचा लाल दिवा विझून ‘पॉन’चा, म्हणजे फायबरची जोडणी लागल्याचा, दिवा स्थिर हिरवा होईपर्यंत तो थांबला. त्यानंतर स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजून दाखवला. दोनशे मेगाबिटच्या योजनेवर दोनशे दहा आले. ‘‘काकू, झालं. ओटीपी द्या,’’ असे म्हणून तो गेला. संगणक त्या वेळी पलंगाखाली होता. मखरासाठी खोलीचा जो कोपरा रिकामा करावा लागतो, त्याच कोपऱ्यात माझे टेबल असते. त्यामुळे हरितालिकेच्या दिवशी सगळ्या तारा काढून संगणक बाजूला सारला होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती, पण तेव्हा ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

संध्याकाळी टेबल जागेवर आणून संगणक जोडला. घरातील चारही मोबाइल नव्या वाय-फायवर व्यवस्थित चालत होते, पण संगणकाच्या कोपऱ्यात ‘इंटरनेट नाही’ अशी खूण होती आणि एकही संकेतस्थळ उघडत नव्हते. मी साहजिकच कंपनीला फोन केला. तेथील व्यक्तीने तीन वेळा राउटर बंद-चालू करायला लावला, आमच्या बाजूने सर्व सुरळीत दिसते असे सांगितले आणि शेवटी संगणक फॉरमॅट करून घेण्याचा सल्ला दिला. मोबाइल चालतात याचा अर्थ लाइन ठीक आहे, येथपर्यंत त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मात्र संगणक पुसून टाकणे हे निदान नव्हे. ज्या यंत्रावर तीन अंकांची अर्धवट पाने आहेत, ते पुसण्याचा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो याचा मला अजूनही राग आहे.

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवरून जे करायला सांगितले ते अगदी साधे होते. आदेश टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘पिंग’ हा आदेश द्यायचा आणि तो जवळून दूर असा चालवत न्यायचा. प्रथम आपल्याच राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ या पत्त्यावर हाक मारायची, उत्तर आले. नंतर बाहेरच्या जगातील एखाद्या ठाऊक पत्त्याला, म्हणजे गुगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. तेथूनही उत्तर आले. तिसऱ्या वेळी मात्र आकड्यांऐवजी संकेतस्थळाचे नाव घातले आणि तेथे गाडी अडकली. ‘‘मावशी, रस्ता चालू आहे. तुझा संगणक पत्ता चुकीच्या माणसाला विचारतो आहे,’’ असे तो म्हणाला, आणि एका वाक्यात प्रकरण समजले.

इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाचा खरा पत्ता आकड्यांत असतो आणि आपण टाइप केलेल्या नावावरून तो शोधून देण्याचे काम डीएनएस नावाचे सर्व्हर करतात. मुंबईत ज्यांनी लँडलाइनचा काळ पाहिला आहे त्यांना १९७ हा क्रमांक आठवत असेल. त्यावर नाव सांगितले की समोरची व्यक्ती दूरध्वनी क्रमांक शोधून देत असे. डीएनएस म्हणजे संगणकाचे १९७. काही वर्षांपूर्वी केबलवाल्याकडच्या मुलाने कुठलीशी अडचण सोडवताना त्यांच्या कंपनीच्या डीएनएसचे दोन पत्ते माझ्या संगणकात हाताने लिहून ठेवले होते. असे सर्व्हर सहसा स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतात. आता मी त्यांची ग्राहक राहिले नव्हते, पण माझा संगणक इमानाने त्यांचेच दार ठोठावत होता आणि आतून कोणी ओ देत नव्हते. मोबाइलमध्ये असे काही लिहिलेले नव्हते. ते प्रत्येक वेळी राउटरलाच विचारत होते, म्हणून ते चालले. तार बदलली, राउटर बदलला, कंपनी बदलली, तरी हाताने लिहिलेली ही सेटिंग संगणकाच्या नेटवर्क कार्डाशी बांधलेली असल्यामुळे जशीच्या तशी राहते. त्या कार्डाच्या, म्हणजे अडॅप्टरच्या, गुणधर्मांत जाऊन ‘डीएनएसचा पत्ता आपोआप मिळवा’ या पर्यायावर खूण केली आणि कोपऱ्यातील तक्रार नाहीशी झाली. काम दोन मिनिटांचे होते.

आनंद फार तर पाच मिनिटे टिकला. आता संकेतस्थळे सापडत होती, पण बँक, ईमेल, वर्तमानपत्रे असे काहीही उघडले की ब्राउझर लाल अक्षरांत ही जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा देत होता. माझा संशय पुन्हा नव्या कंपनीवरच गेला. मधल्या मध्ये कोणी माझी माहिती वाचत आहे की काय, येथपर्यंत माझी मजल गेली. अँटिव्हायरस काढून पाहिला, पुन्हा घातला, ब्राउझर बदलला, राउटरचा पासवर्ड बदलला. या सगळ्यात दीड दिवस गेला. भर म्हणून त्याच रात्री जुळवलेल्या एका कथेची फाइल सापडेनाशी झाली. फोल्डर तारखेनुसार लावलेला असतो आणि नवी फाइल सर्वांत वर दिसायला हवी, पण ती तेथे नव्हती. सोळा पाने पुन्हा करावी लागणार, या विचाराने मी रात्री बाराला डोके धरून बसले होते. तेव्हा मुलगी पाणी प्यायला उठली आणि पडद्याकडे पाहत म्हणाली, ‘‘आई, तुझा कॉम्प्युटर दोन हजार पंधरामध्ये आहे.’’

खरोखरच कोपऱ्यात १ जानेवारी २०१५ नंतरचा दुसरा दिवस चालू होता. हरवलेली फाइल यादीच्या तळाशी, २०१५ च्या तारखेखाली सुखरूप होती. इशाऱ्याखालच्या बारीक अक्षरांत ‘डेट इनव्हॅलिड’, म्हणजे तारीख अवैध, असे शब्द पहिल्यापासून होते, पण लाल रंग पाहिल्यावर खालची ओळ वाचण्याचे भान मला राहिले नव्हते.

याचे कारण इंटरनेटशी अजिबात संबंधित नव्हते. संगणकाच्या मदरबोर्डवर एक नाण्यासारखी बॅटरी असते. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम ती करते. मात्र संगणकाची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये असून बटण चालू असेल, तर बंद संगणकालाही थोडी वीज मिळत राहते आणि बॅटरीवर भार येत नाही. माझा संगणक वर्षानुवर्षे प्लगमध्येच असल्याने बॅटरी केव्हा संपली हे कळलेच नव्हते. मखरासाठी तो चार दिवस पलंगाखाली गेला, घड्याळाचा आधार तुटला आणि पुन्हा सुरू होताना मदरबोर्डने स्वतःजवळची मूळ तारीख धरली. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवतात त्यावर आरंभाची आणि अखेरची अशा दोन्ही तारखा असतात. सप्टेंबर २०२० मध्ये ब्राउझरांनी नव्या प्रमाणपत्रांची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आणली. त्यामुळे २०१५ मध्ये बसलेल्या संगणकाला आजचे प्रत्येक प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले, म्हणून खोटे वाटत होते. ब्राउझर त्याच्या परीने माझे रक्षणच करत होता.

तारीख हाताने बदलताच बँकेचे पान उघडले. सकाळी स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ ही बॅटरी आणली. या क्रमांकातच तिची मापे आहेत, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, त्यामुळे दुकानदाराला दुसरे काही सांगावे लागत नाही. प्लग काढून, झाकण उघडून, जुनी बॅटरी नखाने उचलून नवी बसवायची आणि अधिकची खूण वर ठेवायची, एवढेच काम असते. दहा वर्षांची धूळही त्या निमित्ताने निघाली.

येथपर्यंत आल्यावर माझी कंपनीकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती, म्हणून वेगाच्या तक्रारीवर मी लगेच फोन केला नाही. मोबाइलवर दोनशेच्या आसपास येणारा वेग संगणकावर कितीही वेळा मोजला तरी ९४ च्या वर जात नव्हता. आकडा खालीवर होत असता तर गोष्ट वेगळी. तो ९४ वरच जणू खिळला होता, आणि हीच त्याची ओळख होती. राउटर आणि संगणक यांना जोडणारी लॅनची तार १०० मेगाबिटवर जोडली गेली की प्रत्यक्षात हाती येतात ते ९४-९५. विंडोजच्या नेटवर्कच्या माहितीत पाहिले तर जोडणीचा वेग सरळ १०० असाच लिहिलेला होता. संगणकाचे कार्ड १,००० चे, नव्या राउटरचे पोर्टही १,००० चे. तेव्हा उरली होती ती मधली तार.

ही तार दारापासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून गेलेली आहे. तिचे टोक पाहिले तेव्हा पारदर्शक प्लगमध्ये आठांपैकी चारच रंग दिसले. शंभर मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, हजारला मात्र चारही जोड्या लागतात. जुनी योजना चाळीसची होती, त्यामुळे दोन जोड्यांवर काही अडत नव्हते. उरलेल्यांपैकी निळी जोडी कुठे गेली याचा शोध घेतला तेव्हा हसावे की रडावे कळेना, कारण पूर्वी आतल्या खोलीत लँडलाइनचा दुसरा फोन नेण्यासाठी कोणीतरी तीच जोडी वापरली होती. भिंत न खोदता काम झाले म्हणून त्या वेळी मीच त्या माणसाचे कौतुक केले असणार. लँडलाइन केव्हाच परत केली, निळी जोडी मात्र तिच्या सेवेत तशीच राहिली. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने दोन्ही टोके कापली, आठही तारा रंगांच्या क्रमाने लावून नवे प्लग दाबून बसवले आणि वेग १९० च्या पुढे गेला. छापखान्याला जाणारी चारशे मेगाबाइटची पीडीएफ किती वेळात जाईल याचा हिशेब करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की योजनेतील आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइलचा मेगाबाइटचा. पहिल्याला आठने भागल्यावर दुसरा मिळतो.

संगणक सुरू होताच दरवेळी उघडणारी युजरनेम-पासवर्ड विचारणारी जुनी डायलरची खिडकी नेटवर्क जोडण्यांच्या यादीतून पुसून टाकली. राउटर येण्यापूर्वीच्या काळातले ते अवशेष होते.

प्रिंटरने मात्र शेवटचा आणि सर्वांत चिवट सामना दिला. मुद्रितशोधक कागदावरच काम करतात. त्यांचे डोळे पडद्यावर ऱ्हस्व-दीर्घ पकडत नाहीत असे त्यांचे म्हणणे आहे आणि माझा अनुभवही तसाच आहे. वाय-फायवरचा प्रिंटर बंद म्हणजे काम बंद. जोडणी करणाऱ्या मुलाने राउटरमध्ये दोन नावे तयार केली होती, त्यांतील एका नावापुढे ‘५जी’ असे लिहिलेले होते आणि कार्डावर मला त्याच नावाचा पासवर्ड दिला होता. हे ५जी मोबाइलमधले नव्हे. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारे वाय-फाय, एवढाच त्याचा अर्थ. या लहरींवर इंटरनेटचा वेग जास्त मिळतो, पण भिंती ओलांडताना त्या लवकर क्षीण होतात. माझा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतो. त्याच्या छोट्या पडद्यावर मी जे नाव शोधत होते ते त्याला दिसणे शक्यच नव्हते.

योग्य नाव आणि पासवर्ड दिल्यावरही तो संगणकाला सापडेना. येथे पुन्हा तोच जुना आजार निघाला. प्रिंटरला मी पूर्वी १९२.१६८.०.५० असा कायमचा पत्ता दिला होता. पत्त्यातील तिसरा आकडा पाहिला तर जुना राउटर शून्याच्या घरातला होता, नवा एकाच्या घरातला आहे. सोसायटीच्या भाषेत सांगायचे तर खोली क्रमांक ५० तोच राहिला, पण आम्ही सगळे ए विंग सोडून बी विंगमध्ये आलो आणि प्रिंटर एकटाच ए विंगमध्ये बसून राहिला. प्रिंटरमधील कायमचा पत्ता काढून टाकला आणि त्याऐवजी राउटरच्याच सेटिंगमध्ये, या यंत्राला नेहमी हाच पत्ता द्यावा, अशी नोंद केली. पुढच्या वेळी राउटर बदलला तरी प्रिंटर निदान योग्य विंगमध्ये तरी उतरेल. त्यानंतर विंडोजमध्ये प्रिंटरच्या पोर्टसमोर लिहिलेला जुना पत्ताही बदलावा लागला. तो बदलून ‘ठीक आहे’ दाबले मात्र, तीन दिवसांत वैतागून मी जितक्या वेळा छपाईचा आदेश दिला होता तितक्या सगळ्या प्रती रांगेतून बाहेर पडू लागल्या. एकाच कथेच्या सात प्रती निघेपर्यंत रांग रिकामी करण्याचे मला सुचले नाही.

भाच्याने नंतर जे सांगितले ते आधी कळते तर प्रिंटरचे बरेचसे दुखणे टळले असते. नव्या राउटरला जुन्याच वाय-फायचे नाव आणि जुनाच पासवर्ड देता येतो, त्याचा स्वतःचा पत्ताही जुन्या राउटरसारखा करता येतो. मग घरातील यंत्रांना काही बदलल्याचे कळतही नाही. ज्यांच्या घरी कॅमेरे, टीव्ही आणि प्रिंटर मिळून दहा-बारा यंत्रे आहेत त्यांनी जोडणी करणारा माणूस घरात असतानाच त्याच्याकडून हे करून घ्यावे, आणि संगणक पलंगाखाली नसेल असाच दिवस त्याला द्यावा.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही आणि तीत माझ्या संगणकाचा काही दोष नाही. पुण्यातील माझे एक सहकारी जाहिरातींची पाने करतात आणि माझ्या संगणकातील एका फोल्डरमधून ते थेट फाइली घेत असत. त्यासाठी केबलवाल्याने दरमहा थोडे जास्त पैसे घेऊन मला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता, दिला होता. नव्या राउटरमध्ये मी तसेच पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडले, पण बाहेरून कोणीही आत येऊ शकले नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० पासून सुरू होत होता आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यानचा होता. ही मालिका २०१२ मध्ये कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेली आहे. तिच्यावर आलेला ग्राहक इतर अनेकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसलेला असतो. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे कंपन्यांनी ही काटकसर करणे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र पत्ता हवा असल्यास कंपनी व्यावसायिक योजना घ्यायला सांगते, आणि तिचे पैसे दिवाळी अंकांच्या मानधनातून निघत नाहीत. तूर्त मी पाने ऑनलाइन ड्राइव्हवर चढवते, ते उतरवून घेतात आणि उतरवून झाले की मला फोन करून ती पुसायला सांगतात, कारण तेथील फुकटची जागाही भरत आली आहे.